परदेशगमनाची वाट आणि इंदूर

मराठी भाषेत ‘परदेश’ या शब्दाचा अर्थ गेल्या दोन शतकांत पार पालटून गेला आहे. पेशवाईच्या अमदानीत नर्मदेपलीकडील मुलूख म्हणजे हिंदुस्थान, आणि तिकडून दक्षिणेत आलेला शिपाई वा व्यापारी म्हणजे परदेशी. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे आजही ‘परदेशी’ हे उपनाम धारण करतात ते त्याच अर्थाने. या हिशेबाने पाहिले तर घाट चढून माळव्यात चाकरीस गेलेला गोमंतकीय शेणवी तरुण परदेशीच गेला म्हणावयाचा. पेडणे महालातील जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांचे बक्षी झाले व लखबादादा लाड यांनी त्याच दौलतीत सेनापती म्हणून नाव कमावले, हे आपल्या महाजन कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस विदित आहेच. त्या काळी अर्ज नव्हते, परीक्षा नव्हत्या. एक आप्त दरबारी स्थिरावला की तो दुसऱ्यास बोलावून घेई, दुसरा तिसऱ्यास. घरी राहिलेल्यांनी देवाची सेवा आणि शेतभाट सांभाळावे, बाहेर गेलेल्याने पैका धाडावा, अशी ती वाटणी होती. त्या दूरदेशी गेलेल्या पुरुषाचे कुलदेवतेच्या दारातील स्थान मात्र अबाधित असे. तो परतला की पालखीस खांदा देण्याचा त्याचा मान कोणी नाकारीत नसे.

१८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली आणि तेथून काही कोसांवर महू येथे इंग्रजांची छावणी पडली. पुढे या दोन ठिकाणांत मिळून एक वेगळेच मराठी जग वसले. इंदुरात दरबारी कारकून, शास्त्री, वैद्य आणि शिक्षक, तर महूच्या छावणीत कोकणातून पलटणीत भरती झालेले शिपाई व त्यांच्या मुलांना शिकविणारे पंतोजी. यांपैकी बहुतेकांना माळवा हाच परदेश होता. सातासमुद्रापलीकडच्या खऱ्या परदेशाचा प्रश्न उद्भवला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, मुंबई ते लंडन हा प्रवास काही आठवड्यांचा झाला आणि विलायतेतील शिक्षण ही केवळ राजपुत्रांची मिरास उरली नाही.

परंतु घाट चढणे निराळे आणि समुद्र ओलांडणे निराळे. समुद्रयात्रा कलिवर्ज्य प्रकरणात पडलेली. विलायतेहून परतलेल्या मनुष्याने प्रायश्चित्त घ्यावे की नाही, घेतल्यास ते पुरे पडते काय, त्याच्या पंक्तीस बसलेल्यांचे काय, या वादांत त्या काळची वर्तमानपत्रे आणि धर्मसभा रंगून गेल्या होत्या. सारस्वत समाज यातून सुटला नाही. कानडा जिल्ह्यांत या प्रश्नावरून तट पडले. चित्रापूर मठाचे पांडुरंगाश्रम स्वामी परदेशगमनाच्या विरोधात अखेरपर्यंत ठाम राहिले. बहिष्काराचा अर्थ आज नव्या पिढीस उमगणे कठीण आहे. पंगतीत पान नाही, मुलीस स्थळ नाही, आणि ज्याच्या पूर्वजाने देवालयाच्या उभारणीस हातभार लावला त्यालाच तीर्थप्रसादासाठी संकोच. विलायतेच्या तिकिटाचे मूल्य पौंडांत मोजता येई. हे दुसरे मूल्य मोजावयास कोणतेच नाणे नव्हते.

अशा काळात १८८५ मध्ये एक सारस्वत तरुण इंग्लंडास गेला व पुढे अनेक वर्षांनी इंदूर संस्थानचा मुख्य प्रधान झाला. हे नारायण गणेश चंदावरकर. जन्म १८५५ मध्ये उत्तर कानड्यातील होन्नावर येथे. शिक्षणासाठी त्यांना मुंबईस आणणारे त्यांचे मामा शामराव विठ्ठल. घरातील एक पाऊल पुढे पडलेला मनुष्य दुसऱ्यास हात देतो, हा जिवबादादांच्या काळचाच शिरस्ता येथेही दिसतो. फरक इतकाच की दरबाराच्या जागी आता एल्फिन्स्टन कॉलेज होते. ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि ‘इंदुप्रकाश’ पत्राच्या इंग्रजी विभागाचे संपादनही त्यांनी केले. १८८५ मध्ये इंग्लंडात सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती. हिंदुस्थानची बाजू तेथील मतदारांपुढे मांडावी म्हणून मुंबई, बंगाल व मद्रास या तीन इलाख्यांतून तीन प्रतिनिधी धाडण्यात आले. मुंबईचे चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे सेलम रामस्वामी मुदलियार. तिघांनी गावोगाव सभा गाजविल्या. ते मुंबईस परतले तो दिवस २८ डिसेंबर १८८५, म्हणजे राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन जेथे भरले त्या शहरात, त्याच दिवशी. इंग्लंडातील आपले अनुभव चंदावरकरांनी १८८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे ते १९०० च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, १९०१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर प्रार्थना समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९११ मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी राज्याधिकार हाती घेतल्यानंतर थोड्याच काळात, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, सर नारायणराव इंदुरास मुख्य प्रधान म्हणून गेले. त्यांचा तेथील काळ थोडका. कानड्यातून निघून मुंबई, लंडन आणि मग माळवा, असा हा उलटा फेरा. ज्या माळव्यास पूर्वी शेणवी मंडळी परदेश समजत, तेथे आता विलायत पाहून आलेला सारस्वत कारभार पाहू लागला.

इंदूरच्या दिवाणांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक नाव घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व हकिकतीची कळ तेथे आहे. त्रावणकोरची दिवाणगिरी गाजवून राजा सर टी. माधवराव १८७३ मध्ये होळकरांकडे आले. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, त्यांस बडोद्यास बोलावण्यात आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आला होता. त्या अल्पवयीन सयाजीरावांच्या राज्याची घडी माधवरावांनी बसविली, आणि राजकारभाराचे धडेही त्यांनीच त्यांस दिले. इंदुरातून गेलेला एक कारभारी बडोद्यात काय पेरून गेला, त्याचे पीक तीस-पस्तीस वर्षांनी आले.

सयाजीराव महाराज स्वतः १८८७ मध्ये प्रथम विलायतेस गेले. होतकरू विद्यार्थ्यांस परदेशी धाडण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला, आणि यात जातीपातीचा विचार केला नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांचेच पाहा. ऑक्सफर्डच्या मॅंचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती होती व प्रार्थना समाजाने शिंद्यांची निवड केली होती. शिष्यवृत्तीतून तेथील राहण्याची सोय झाली, पण बोटीच्या भाड्याचे काय? ती रक्कम बडोद्यातून आली. शिंदे १९०१ मध्ये गेले, १९०३ मध्ये परतले, आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या उद्धारासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, त्याचे अध्यक्षपद चंदावरकरांनीच स्वीकारले. परदेशी शिक्षणाची संधी म्हणजे बहुधा अशी तुकड्यातुकड्यांनी जुळविलेली गोष्ट असे. एकाकडून फी, दुसऱ्याकडून भाडे, तिसऱ्याकडून शिफारसपत्र. तुकड्यांपैकी एक निसटला की सारेच राहिले.

आता महूकडे वळावयाचे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे रामजी मालोजी सकपाळ हे पलटणीतील सुभेदार व लष्करी शाळेतील शिक्षक. त्यांच्या घरी महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी चौदावे अपत्य जन्मले, तेच भीमराव. मूल दोन-तीन वर्षांचे असतानाच कुटुंब कोकणात परतले, तेव्हा इंदूरच्या परिसराचा या चरित्राशी संबंध जन्मापुरताच, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. परंतु लष्करी शाळेत शिकविणाऱ्या बापाने घरात विद्येची जी गोडी लावली ती छावणीतलीच होती. कोकणातील गावात राहून महार जातीच्या मनुष्यास ती मिळणे अशक्यप्राय होते. रामजी सुभेदारांचा ‘परदेश’ माळवा होता. मुलाचा परदेश अमेरिका झाला.

दरम्यानचा धागा जोडला तो कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी. हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, म्हणजे गोव्याच्या सीमेवरचेच गृहस्थ. मुंबईत मास्तरकी करीत असता बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, १९०७ च्या मॅट्रिकनंतर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले, आणि पुढे शिक्षण खुंटण्याची वेळ आली तेव्हा त्यास सयाजीरावांपुढे उभे केले. दरमहा पंचवीस रुपये मंजूर झाले. भीमराव बी. ए. झाले व १९१३ च्या आरंभी बडोद्यात नोकरीस लागले, तोच वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारीस रामजी निवर्तले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात धाडण्याचे ठरविले व त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी.

या शेवटच्या अटीकडे चरित्रकार बहुधा घाईने पाहतात. दहा वर्षे हा तरुणपणाचा केवढा हिस्सा! तथापि कराराशिवाय शिष्यवृत्ती देणारा दाता त्या काळी विरळाच होता, आणि प्रजेच्या पैशाचा विनियोग प्रजेसाठी व्हावा ही महाराजांची अपेक्षा गैरही म्हणता येत नाही. आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये एक दिवस वाया घालविला नाही. १९१५ मध्ये एम. ए. झाले, प्रबंध लिहिला, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमविले. १९१६ मध्ये लंडनास जाऊन अर्थशास्त्राच्या विद्यालयात व ग्रेज इनमध्ये नाव घातले. आणि अभ्यास अर्ध्यावर असता मुदत सरली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाकडून मिळवून ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस उतरले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडविली, आणि कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले.

कराराप्रमाणे ते सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. पुढे जे घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शहरात हिंदू खाणावळ त्यांस घेईना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेली बारा माणसे दारात उभी राहिली व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेली. हिंदू स्नेह्याकडे विचारावे तर नोकर निघून जाण्याचे भय, ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारावे तर घरातील मंडळींचे मत घ्यावयाचे. शेवटी रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा कोलंबियाचा पदवीधर कामाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिला. ज्या शहरातून त्यांस जग दाखविण्यासाठी पैसा मिळाला, त्याच शहरात त्यांस रात्रीपुरता आसरा मिळाला नाही. परदेशी जाऊन आलेल्या सवर्णास बहिष्काराचे भय होते खरे, पण त्यास प्रायश्चित्ताचे दार उघडे होते. येथे दारच नव्हते. देवालयांच्या महाजनांनी हा फरक ध्यानी घेण्याजोगा आहे, कारण दारे कोणाच्या हाती होती हा प्रश्न त्यातून टळत नाही.

करार असा मोडला. अभ्यास मात्र मोडला नाही. सिडनेहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे शिल्लक टाकले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. घरी रमाबाई काटकसरीने संसार ओढीत होत्या, त्यांचा वाटा कोणत्याच हिशेबवहीत चढलेला नाही. १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनास गेले, बॅरिस्टर झाले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाली. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद असता त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस सरकारी खर्चाने परदेशी पाठविण्याचा आग्रह धरला व काहींना पाठविलेही. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून अशा परदेशी शिष्यवृत्त्यांची कायम योजना सुरू झाली. महाराजांच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट अशा रीतीने सरकारी नियमांत आली.

बडोद्याच्याच आश्रयाने उभा राहिलेला दुसरा पुरुष आपल्या गोमंतकातला. साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद दामोदर कोसंबी यांस शाळेचे शिक्षण असे फारसे लाभलेच नाही. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून लागलेला ध्यास घेऊन १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे पायी, अर्धपोटी हिंडत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोचले आणि तेथील विद्योदय विद्यालयात पाली शिकले. कोणाची शिष्यवृत्ती नाही, करार नाही, शिफारसपत्र बहुधा अनोळखी माणसाचे. घरी तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. ध्येयवेडाचे कौतुक करताना या दोघींचा विसर पडू नये.

पुढे कलकत्त्यातील चांगल्या वेतनाचे काम सोडून त्यांनी सयाजीरावांची दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती पत्करली. तिची अट अशी की महाराष्ट्रात राहावे व बडोद्यासाठी वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या ओळखीने १९१० मध्ये त्यांस अमेरिकेस बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम वॉरन यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते, ते तडीस न्यावयाचे होते. कोसंबी यांचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून जुळेना, तेव्हा ते १९१२ मध्ये परतले व फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये पुन्हा बोलावणे आले तेव्हा त्यांनी मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांस बरोबर नेले. बापाने अर्धपोटी शोधलेली वाट मुलास अकराव्या वर्षी आयती मिळाली. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन परतले व गणिती आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाले. ‘विसुद्धिमग्ग’ छापून निघाला तो १९५० मध्ये. धर्मानंद १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवून गेले होते.

खुद्द इंदुरात परदेशी विद्येचा लाभ प्रथम राजघराण्यास झाला, यात नवल नाही. यशवंतराव होळकर इंग्लंडात शाळेत शिकले, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये होते. तेथे जमलेल्या ओळखीतून एकहार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन स्थापत्यकाराने १९३० नंतर माणिकबाग प्रासाद नव्या धाटणीने उभा केला. आज त्या वास्तूत केंद्रीय कर खात्याची कचेरी आहे. कारकुनांच्या मेजांखाली एके काळी युरोपातील उत्तमोत्तम कलाकारांनी घडविलेले सामान होते, हे पाहणाऱ्यास सांगूनही खरे वाटत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट शहराबाहेरच्या शेतात घडली. कापूस समितीच्या पैशाने १९२४ मध्ये इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था निघाली व तीस दरबाराने तीनशे एकर जमीन नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिली. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मुतारीची माती आणि राख यांचे थर रचून, वेळोवेळी उलथून खत करण्याची जी रीत त्यांनी तेथे बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. आफ्रिकेतील कॉफीच्या व आसामातील चहाच्या मळ्यांत माणसे इंदूरचे नाव घेऊ लागली ती खताच्या ढिगापाशी. १९३१ मध्ये या पद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढला. मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हे संस्थेतील रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक. हॉवर्ड त्याच वर्षी मायदेशी गेले, त्यांस पुढे ‘सर’ किताब मिळाला, आणि सेंद्रिय शेतीच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी आले. वाडांचे नाव ग्रंथसूचीत उरले. परदेशी न जाता परदेशाशी तोडीस तोड काम करणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा एवढेच येते. पण ते नाव मुखपृष्ठावर आहे, तळटीपेत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सामान्य मराठी घरातील मुलाने स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडून परत यावे, याचे इंदुरातील चांगले उदाहरण नारायण श्रीधर बेंद्रे यांचे. १९१० मध्ये इंदुरात जन्म, तेथील कलाशाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिक्षण. याच शाळेतून पुढे मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार निघाले. बेंद्रे यांस राजाश्रय नव्हता. काश्मीरच्या प्रवासी खात्यात नोकरी, मद्रासेस चित्रपटांच्या नेपथ्याचे काम, काही दिवस शांतिनिकेतनात वास्तव्य, अशी मिळेल ती वाट चालून देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ते अमेरिकेस गेले. वयाची सदतिशी आली असता पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी छापचित्रांचे तंत्र शिकून घेतले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या विंडरमिअर गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. युरोप पाहून ते मायदेशी आले. १९५० मध्ये सयाजीरावांच्या नावाने बडोद्यात नव्यानेच निघालेल्या विद्यापीठाने त्यांस चित्रकला विभागाचे प्रमुख नेमले, आणि १९६६ पर्यंत ते तेथे शिकवीत राहिले.